वडील, मुलगी आणि एक ई-रीडर: घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात दोन बेडरूमचं घर, पुस्तकांनी भरलेली तीन कपाटं. वडील ७१ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेत, पण बारीक टाइप आता वाचवत नाही. मुलगी आठवीत. तुम्ही स्वतः मेट्रोने जाता-येता फोनवर वाचता. घरात मिळून एक ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र, घ्यावा आणि कपाटं हळूहळू रिकामी करावीत, की कागदाचीच पुस्तकं घेत राहावं?

मी तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. देवघेवीच्या टेबलावर बसून केस पांढरे झाले, आणि हल्ली हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे: उपकरण बघायच्या आधी पुस्तकांची यादी करा. इंग्रजी वाचणाऱ्याला हवं ते पुस्तक बहुतेक वेळा नीट केलेल्या फाइलमध्ये मिळून जातं, म्हणून तो निवांत उपकरणांची तुलना करत बसू शकतो. मराठी वाचणाऱ्याचं घोडं फाइलपाशी अडतं.

तेव्हा एका संध्याकाळी वडिलांजवळ बसा. येत्या वर्षात वाचायची किंवा पुन्हा वाचायची दहा पुस्तकं त्यांना विचारा, कागदावर लिहून घ्या आणि एकेक शोधा. प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक शेरा येईल: खरं ई-पुस्तक आहे, नुसतं पीडीएफ किंवा स्कॅन आहे, काहीच नाही. ॲमेझॉनने किंडल या आपल्या ई-रीडरवर मराठी पुस्तकं आणली ती २०१६ च्या डिसेंबरात. त्यानंतर आलेली गाजलेली पुस्तकं आणि अनुवाद बऱ्यापैकी मिळतात. पण साठ-सत्तरच्या दशकातले कथासंग्रह, ग्रामीण कादंबऱ्या, एखाद्या छोट्या प्रकाशकाने एकदाच काढलेलं आत्मचरित्र, म्हणजे नेमकं जे निवृत्त शिक्षकाला हवं असतं, तिथे जागा रिकामी राहते. दहापैकी सात-आठ नावांपुढे ‘खरं ई-पुस्तक’ आलं तर उपकरणाचा विचार करा. दोन-तीनच आली तर दहा हजारांच्या वरची ती वस्तू टेबलावर धूळ खाईल.

‘खरं ई-पुस्तक’ म्हणजे ज्यातला मजकूर अक्षर मोठं केलं की आपोआप नव्याने ओळींमध्ये बसतो. पीडीएफ म्हणजे छापील पानाचा फोटोच समजा. पान आहे तसंच राहणार. त्याने काय होतं ते हिशेब करून सांगतो, कारण इथे फार लोकांची निराशा होते. आपल्या नेहमीच्या कादंबरीचा आकार डेमी, साडेपाच बाय साडेआठ इंच. सहा इंची ई-रीडरचा पडदा प्रत्यक्षात ३.६ बाय ४.८ इंच. डेमीचं अख्खं पान त्यात बसवलं की ते निम्म्याहून थोडंच मोठं उरतं, आणि १२ पॉइंटचं अक्षर ७ पॉइंटच्याही खाली जातं. दिवाळी अंकाच्या मोठ्या पानाचं पीडीएफ असेल तर विचारूच नका. म्हणजे मोठ्या अक्षरासाठी घेतलेल्या यंत्रावर अक्षर छापील पुस्तकापेक्षा बारीक दिसणार! समास कापून अक्षर थोडं मोठं करता येतं, आडवं धरून अर्धं-अर्धं पान वाचता येतं, पण सत्तरीतल्या माणसाने दर पानाला ही कसरत का करावी?

पीडीएफच वाचायचं असेल तर दहा इंची टॅब्लेट घ्या. डेमीचं पान त्यावर जवळजवळ मूळ आकारात दिसतं, आणि दोन बोटांनी हवं तिथे मोठं करता येतं.

मराठीत पीडीएफ इतकी का, याचंही कारण सांगतो, म्हणजे प्रकाशकाला नुसत्या शिव्या घालून भागणार नाही हे लक्षात येईल. कॉम्प्युटरवर मराठी अक्षरजुळणी सुरू झाली तेव्हा युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, कुणाच्या गावी नव्हतं. श्रीलिपीसारख्या फाँटांत पुस्तकं जुळवली गेली. त्या फाँटांत पडद्यावर ‘क’ दिसला तरी आतमध्ये भलत्याच चिन्हाचा क्रमांक साठवलेला असतो. छपाईला त्याने काही बिघडत नाही. पण ती फाइल ई-पुस्तकासाठी युनिकोडमध्ये आणायची तर एकेक जोडाक्षर फुटतं, रफार सरकतात, वेलांट्या शेजारच्या अक्षराला चिकटतात. मग कुणीतरी पुन्हा पहिल्या ओळीपासून मुद्रितशोधन करायला हवं. त्याचे पैसे कोण देणार? जुन्या पुस्तकाची तर फाइलच नसते. ते स्कॅन करून यंत्राकडून अक्षरं ओळखून घेतात, आणि यंत्राला ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ सारखेच वाटतात. ‘धर’ लिहिलेलं ‘घर’ होतं, आणि वाक्य तरीही वाचता येतं, हे त्याहून वाईट.

म्हणून ई-पुस्तक विकत घेण्याआधी त्याचा नमुना उतरवून घ्या. तो फुकट असतो. मी चार ठिकाणी बघतो: ‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’, ‘वाङ्मय’ आणि ‘ॲ’ असलेला कुठलाही शब्द. अर्धा र नीट चंद्रकोरीसारखा आला, ‘ङ्म’ फुटला नाही, ‘ॲ’च्या जागी रिकामी चौकट दिसली नाही, तर फाइल करणाऱ्याला मराठी कळतं असं समजायला हरकत नाही. अक्षराचं वळणही बघा. मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आले तर वाचता येतं, पण आमच्या जुन्या सभासदांना ते खुपतं आणि मला त्यांचं पटतं.

एक गंमत सांगतो. ‘दुसऱ्या’तला तो अर्धा र कॉम्प्युटरमध्ये दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे. पण पुस्तकात एका पद्धतीने असेल आणि तुमचा कीबोर्ड दुसऱ्या पद्धतीने टंकत असेल, तर शोधलेला शब्द समोरच्या पानावर असूनही ‘सापडला नाही’ असं उत्तर येतं. ई-पुस्तकात शोधता येतं हा फायदा मराठीत असा अर्धामुर्धा आहे. संदर्भासाठी पुस्तक घेत असाल तर हे ध्यानात ठेवा.

आता वडिलांच्या डोळ्यांचं. ई-रीडरचा पडदा फोनसारखा डोळ्यांत प्रकाश टाकत नाही. त्यात सूक्ष्म कुप्या असतात, त्यांतले काळे-पांढरे कण विजेने वर-खाली होतात आणि बाहेरचा उजेड कागदावरून यावा तसा परावर्तित होतो. पान बदलतानाच काय ती वीज लागते, म्हणून चार्जिंग आठवडे टिकतं. उन्हात अंगणात बसूनही वाचता येतं. रात्रीसाठी जो दिवा असतो तो कडेने पडद्यावर पडतो. वजन २०० ग्रॅमच्या आसपास. पाचशे पानांची पुठ्ठा बांधणीची कादंबरी पोटावर धरून वाचताना मनगट दुखतं अशी तक्रार माझ्याकडे बरेच वयस्कर सभासद करतात, आणि ती डोळ्यांच्या तक्रारीइतकीच खरी असते.

पण एक अडचण कोणी सांगत नाही. अक्षर खूप मोठं केलं की सहा इंची पडद्यावर एका ओळीत तीन-चारच मराठी शब्द मावतात. आपले शब्द लांब. प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं सगळी शब्दालाच चिकटलेली. ‘वाचनालयासमोरच्या’ हा एकच शब्द अर्धी ओळ खातो. त्यात मजकूर दोन्ही कडांना सारखा केलेला असेल तर शब्दांमध्ये भगदाडं पडतात आणि वाचणारा दर ओळीला ठेचकाळतो. उपाय सोपा आहे: सेटिंगमध्ये जाऊन मजकूर फक्त डावीकडे सारखा करा, ओळींमधलं अंतर एक पायरी वाढवा, अक्षर ‘सगळ्यात मोठं’ न ठेवता एक-दोन पायऱ्या खाली आणा. जमलं तर सहापेक्षा सात इंची पडदा घ्या. आणि हे सगळं तुम्ही करून द्या. वडिलांच्या हातात पुस्तक उघडूनच द्यायचं.

त्याआधी एक फुकटचा प्रयोग. घरात टॅब्लेट असेल तर त्यावर ई-पुस्तकाचं ॲप टाकून एक मराठी पुस्तक पंधरा दिवस त्यांना वाचू द्या. बोट लागून पान चुकून उलटतं, कुठल्यातरी शब्दावर बोट जास्त वेळ टेकलं की काहीतरी खिडकी उघडते, याचा काहींना इतका वैताग येतो की ते पुन्हा हात लावत नाहीत. वडील त्यातले आहेत का, हे पैसे खर्च करण्याआधी कळलेलं बरं. टॅब्लेट नसेल तर एखाद्या ओळखीच्याचा ई-रीडर दोन दिवस मागून आणा. आणि मोतीबिंदू काढूनही बारीक वाचवत नसेल तर चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला हे एकदा विचारा. जवळचा चष्मा बदलला आणि प्रश्नच मिटला, असं झालेले लोक माझ्या ओळखीत आहेत.

झोपण्यापूर्वी वाचायची सवय असेल तर उजळ पडद्याचा टॅब्लेट नको. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेत बारा जणांवर केलेल्या एका प्रयोगात रात्री टॅब्लेटवर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा उशिरा झोप लागली. माणसं थोडी होती, पण प्रयोग काटेकोर होता, आणि अनुभवाशीही जुळतं.

कादंबरी वाचताना कागद आणि ई-रीडर यांत फार फरक पडतो का? मला वाटतं, नाही. पन्नास वाचकांना एकच २८ पानी रहस्यकथा देऊन केलेला एक अभ्यास आहे, निम्म्यांना कागदावर आणि निम्म्यांना किंडलवर. बहुतेक बाबतींत दोघे सारखेच आले. घटना कोणत्या क्रमाने घडल्या, कुठली गोष्ट केव्हा घडली, एवढ्याच बाबतीत कागदवाले सरस ठरले. डाव्या हातात वाचून झालेली आणि उजव्या हातात उरलेली पानं जाणवत राहतात, त्याचा हा परिणाम असावा असा अंदाज आहे. निवांत वाचणाऱ्या आजोबांना त्याने काही फरक पडत नाही.

मुलीचं मात्र वेगळं आहे आणि तिथे मी ठाम आहे. अभ्यासाचं वाचन कागदावर. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं, एकूण १,७१,०५५ लोकांचं. माहितीपर मजकूर असला आणि त्यातही वेळेचं बंधन असलं, की कागदावर वाचणाऱ्यांना जास्त समजलं होतं. नुसत्या गोष्टींच्या मजकुरात तसा फरक दिसला नाही. आणि नवी पिढी पडद्याला सरावेल तसा फरक कमी होत जाईल हा आशावाद आकड्यांनी खोटा ठरवला. सन २००० ते २०१७ या काळात तो उलट वाढत गेला.

मला मात्र आकड्यांपेक्षा आमची अभ्यासिका जास्त पटते. स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळी सातला येऊन बसतात. चालू घडामोडी फोनवर, व्हिडिओ फोनवर, टेलिग्रामवर आलेली नोट्सची पीडीएफ फोनवर. पण परीक्षा दोन महिन्यांवर आली की हीच मुलं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे रांग लावतात. एका कागदावर दोन पानं, पाठपोट, वर स्पायरल. मग हिरवा हायलायटर, समासात बाण, कोपऱ्यात ‘२०१९ ला आलाय’. पैशाला पैसा जोडणारी ही मुलं झेरॉक्सवर खर्च करतात, कारण उजळणी करताना बोटांना पान सापडावं लागतं. त्यांना कोणी संशोधन वाचून दाखवलेलं नाही.

तेव्हा मुलीची पाठ्यपुस्तकं छापीलच असू द्या. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफ रूपात फुकट आहेत, ती दप्तराचं ओझं कमी करायला किंवा मामाच्या गावी पुस्तक विसरलं तर कामाला येतात. अवांतर गोष्टी ती ई-रीडरवर वाचेल तर आनंदाने वाचू द्या. फोनवर मात्र नको. फोनवर आठवीतलं मूल पुस्तक उघडतं आणि पुस्तक सोडून सगळं वाचतं.

तुमच्या स्वतःच्या मेट्रोतल्या वाचनासाठी नवीन काही घेऊ नका. फोन विमान मोडवर टाका आणि वाचा. उभ्याने, एका हाताने वाचायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. लेख, कथा, ललित त्यावर चालतं.

संदर्भग्रंथांच्या बाबतीत तर मी कागदाचा वकील असूनही हार मानतो. मराठी विश्वकोशाचे वीस खंड कपाटाचे दोन खण अडवतात आणि संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. साहित्य संस्कृती मंडळाचीही बरीच पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो. म्हणजे हरिभाऊ आपटे, गडकरी, साने गुरुजी ही सगळी मंडळी आता मुक्त आहेत. त्यांची पुस्तकं विकिस्रोतावर किंवा इंटरनेट अर्काइव्हवर बघा. वडिलांच्या यादीत जुने लेखक जास्त असतील तर इथून कदाचित निम्मं काम होईल, फक्त त्यांतली बरीच स्कॅन असतील हे धरून चाला.

एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. ई-पुस्तक आपण ‘विकत घेतलं’ म्हणतो, पण हाती येतो तो वाचण्याचा परवाना. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या कादंबऱ्यांच्या काही प्रती, त्या विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून, लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. २०२५ च्या फेब्रुवारीत तर घेतलेली पुस्तकं संकेतस्थळावरून कॉम्प्युटरवर उतरवून केबलने किंडलमध्ये टाकायची सोयच बंद केली. मराठी ॲपांतलं पुस्तकही बहुधा त्या ॲपमध्येच उघडतं. ॲप बंद झालं की पुस्तक गेलं. वाचून विसरायची पुस्तकं अशी घ्यायला काहीच हरकत नाही. मुलीला पुढे द्यावीशी वाटतील ती कागदावर घ्या.

आणि कागदावर घेताना पुस्तकाच्या कण्याकडे वरून बघा. पानांच्या जुड्या दुमडून दोऱ्याने शिवलेल्या दिसल्या तर ते पुस्तक नातवंडांपर्यंत जाईल. सुटी पानं नुसत्या गोंदाने चिकटवलेली असली, ज्याला परफेक्ट बाइंडिंग म्हणतात, तर दोन-चार उन्हाळ्यांत गोंद वाळून कडक होतो आणि मधली पानं हातात येतात. आमच्याकडे नव्या कादंबऱ्या दहा-बारा सभासदांच्या हातांतून गेल्या की बाइंडरकडे जातात. जुन्या न्यूजप्रिंटवरची पुस्तकं तपकिरी पडतात आणि पान उलटताना तुटतात. त्या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, त्यावर इलाज नाही. तशी एखादी दुर्मिळ प्रत असेल तर ती आताच स्कॅन करून ठेवा.

वडिलांसाठी आणखी एक पर्याय, जो मी केवळ ग्रंथपाल आहे म्हणून सांगत नाही: जवळच्या वाचनालयाची वर्गणी. बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत महिन्याची वर्गणी दोन माणसांच्या चहा-वडापावपेक्षा जास्त नसते. पुण्यात तर १८४८ पासून चालत आलेलं पुणे नगर वाचन मंदिर आहे. तुमच्या यादीत ज्या नावांपुढे ‘काहीच नाही’ असा शेरा येईल, ती पुस्तकं सापडण्याची सगळ्यात जास्त शक्यता अशाच जुन्या वाचनालयांत आहे. अक्षर बारीक असेल तर हँडल आणि दिवा असलेलं भिंग चष्म्याच्या दुकानात मिळतं. आणि निवृत्त शिक्षकाला दर आठवड्याला घराबाहेर पडायला एक कारण मिळतं ते वेगळंच.

राहता राहिली तीन कपाटं. ‘वाचनालयाला देऊन टाकू’ हे वाक्य मी फार ऐकतो, आणि दारात रिक्षा येऊन उभी राहते. सगळं आम्ही घेऊ शकत नाही. जागा आमच्याकडेही नसते, आणि दाखल करून घेतलेलं पुस्तक पुढे कमी करायचं तर रीतसर निर्लेखन करावं लागतं. जुनी पाठ्यपुस्तकं, गाईडं, पाच वर्षांपूर्वीची स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, विश्वकोशाचे सुटे खंड, मागच्या वर्षी सगळ्यांनी वाचलेली बेस्टसेलरची पाचवी प्रत, ही नकोत. हवं असतं ते असं: मासिकांचे सलग वर्षांचे अंक, जुने दिवाळी अंक, गावाचा किंवा घराण्याचा इतिहास, शाळेच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका, छोट्या प्रकाशकांची कवितांची पुस्तकं. लोक नेमकं हेच रद्दीत घालतात आणि गाईडं आमच्याकडे आणतात. आधी वहीत नाव, लेखक, आवृत्तीचं साल अशी यादी करा, फोन करा, ग्रंथपालाला यादीवर खुणा करू द्या आणि तेवढीच पाठवा. वडिलांनी समासात लिहिलेली पुस्तकं त्या यादीत घालूच नका.